तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा एक की दोन?

थ्रीडी फोटो सुरू करायचेत, एका कॅमेऱ्यावर भागेल की दोन घ्यावे लागतील? तलावपाळीवर, लग्नात, लोकलमध्ये, जिथे भेटतील तिथे लोक मला हेच विचारतात. आणि मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आले: एक पुरतो. ते खोटं नाही. पण ज्या ठामपणे मी ते सांगते तो ठामपणा माझ्यात उरलेला नाही.

थ्रीडी फोटो म्हणजे दोन फोटोंची जोडी, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. एक कॅमेरा पुरतो तो असा. डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, मग उजव्या पायावर झुकून दुसरा. कॅमेरा सरकवायचा, वळवायचा नाही. वळवलात की दोन्ही चित्रं उलटसुलट तिरकी होतात आणि बघणाऱ्याचं डोकं धरतं. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर बांधून टाका, म्हणजे दोन्ही फोटोंत उजेड आणि रंग सारखे राहतात. सरकायचं किती? सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. वस्तू २ मीटरवर असेल तर साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे जवळपास आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर. उपवनच्या काठावरून येऊरचा डोंगर घेताना चौकटीतलं पहिलं झाड ३०० मीटरवर असेल, तर १० मीटर चालत जा. जोडी जुळवायला स्टिरिओ फोटो मेकर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोबाइलच्या लेन्सचं मात्र विचारू नका. त्या एकमेकींना चिकटून असतात आणि प्रत्येकीची फोकल लेंथ वेगळी. इंग्लिश शास्त्रज्ञ व्हीटस्टनने १८३८ मध्ये हे दोन डोळ्यांना दोन चित्रांचं तत्त्व मांडलं ते कॅमेऱ्याविना, हाताने काढलेल्या रेघांच्या आकृत्यांवर. मग एका कॅमेऱ्याने तुमचं काय अडतंय, असं मी लोकांना ऐकवायचे.

नौपाड्यातली आमची चाळ पुनर्विकासाला निघाली. शेवटच्या सकाळी आत्या गॅलरीत बसली होती. मागे टेम्पोत सामान चढत होतं. तिच्यासमोर स्टूल, स्टुलावर पानाचा डबा, त्यावर अडकित्ता उघडा ठेवलेला. मी डावा फोटो घेतला. उजव्या पायावर झुकले. तेवढ्यात आत्याने मान वळवून विचारलं, "झालं का गं?" आणि मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दोन्ही फोटो सारखेच वाटले. रात्री जोडी जुळवली तेव्हा कठड्याचा एकेक गज सुटा उभा होता. अडकित्त्याचं पातं हाताला लागेल इतकं पुढे आलं होतं. आणि आत्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसती थरथर होती. एका डोळ्याला तिचा गाल, दुसऱ्याला ओठ. मेंदू कधी हा चेहरा धरतो, कधी तो.

डाव्या फोटोतला चेहरा कापून उजव्यात बसवून पाहिला. थरथर थांबली, पण चेहरा पुठ्ठ्याचा झाला, सपाट. आजूबाजूला सगळं गोल, भरीव, आणि मधोमध माझी आत्या कापलेल्या चित्रासारखी. ती फाइल मी ठेवली नाही. चार महिन्यांनी आत्या गेली.

दुसरा कॅमेरा होता माझ्याकडे. त्याच मॉडेलचा, कपाटात, दोन कॅमेरे शेजारी धरणाऱ्या पट्टीवर बसवायचा राहिलेला. दोन शेजारी ठेवले तर लेन्समध्ये १० सेंटीमीटर अंतर पडतं, म्हणजे ३ मीटर मागे उभं राहायला हवं, आणि गॅलरीत तेवढी जागा नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. अरुंद होती ती रुंदीला. लांबीला आठ खोल्यांची होती. मी मागे सरकू शकत होते.

म्हणजे दोन घ्या असं सांगू? दोन घेतलेले कितीतरी जण पट्टी, केबल, एकाच वेळी बटण दाबणं यातच अडकले आणि वर्षभर एक जोडी काढली नाही. मी एकावर सुरुवात केली म्हणून तर अडकित्ता तरी हाती आला. हेही खरंच आहे. माणसं घ्यायची असतील तर दोन, असं परवा एकाला सांगितलं आणि घरी येईपर्यंत वाटत राहिलं की तो आता कॅमेराच घेणार नाही.

आत्याची मुलगी त्या सकाळचा फोटो मागत असते. मी तिला अजून फक्त डावा पाठवला आहे.