सा प सा ग प सा : अल्बर्ट कॉलिन्सची थंडगार रेकॉर्ड

ब्लूज गिटारवादक अल्बर्ट कॉलिन्स ऐकायला घेणारे बहुतेक जण १९७८च्या ‘आइस पिकिन’पासून सुरुवात करतात आणि मागे वळून बघत नाहीत. टेक्ससमध्ये काढलेल्या त्याच्या जुन्या सिंगल्सची रेकॉर्ड त्यामुळे कोपऱ्यातच राहते. ती १९६५ मध्ये ‘द कूल साउंड ऑफ अल्बर्ट कॉलिन्स’ म्हणून आली, १९६९ मध्ये ब्लू थम्ब लेबलने ‘ट्रकिन विथ अल्बर्ट कॉलिन्स’ या नावाने पुन्हा काढली. बारा तुकडे आणि त्यांत गायलेला एकच, ‘डाइंग फ्लू’. बाकी ‘फ्रॉस्टी’, ‘फ्रॉस्ट बाइट’, ‘शिव्हर एन शेक’, ‘आयसी ब्लू’... यादी वाचूनच स्वेटर शोधावा.

ऐकताना गिटार कुठे गप्प बसते तिकडे लक्ष द्या. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरायचं काम ऑर्गन आणि हॉर्न (फुंकायची वाद्यं) करतात. कॉलिन्स दोन-चार सूर फेकतो, थांबतो, मग पुन्हा फेकतो. पुढच्या काळातले त्याचे सोलो लांबत गेले. इथे प्रत्येक तुकडा सिंगलच्या मापाचा असल्याने फापटपसाऱ्याला जागाच नाही. मला तरी हाच कॉलिन्स जास्त धारदार वाटतो.

तो आवाज येतो कुठून? त्याचं ट्यूनिंग, म्हणजे मोकळ्या तारांची जुळणी, एफ मायनर: जाड तारेपासून एफ, सी, एफ, ए-फ्लॅट, सी, एफ. आपल्या भाषेत सा, प, सा, कोमल ग, प, सा. हे त्याने विलो यंग या चुलतभावाकडून उचललं. त्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), बऱ्याचदा पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीवर. सगळी गंमत तिसऱ्या तारेत आहे (तारांचे क्रमांक बारीक तारेकडून). ती मोकळी वाजवली की कोमल ग, कॅपोच्या पुढच्याच फ्रेटवर दाबली की शुद्ध ग. मोकळी तार छेडून ते बोट आपटलं की ब्लूजचा तो आंबट-गोड सूर आपोआप निघतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हेच सूर सापडतात, पण बहुतेक जागी दाबलेल्या तारेवर, आणि मोकळ्या तारेचा तो तडाखा काही येत नाही.

घरी करून बघायचं तर थेट एफला जाऊ नका. पाचवी आणि चौथी तार तीन-तीन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एका फ्रेटचं अंतर) चढवावी लागते, म्हणजे ताण सुमारे ४१ टक्के वाढतो. तार तुटते, नाहीतर मान वाकते. त्याऐवजी ई मायनर लावा: पाचवी ए वरून बी, चौथी डी वरून ई, बाकी चार जशाच्या तशा. इथेही त्या दोन तारांवर ताण साधारण २६ टक्के वाढतोच. दहाच्या सेटमध्ये (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) पाचवी ३६ऐवजी ३२ची आणि चौथी २६ऐवजी २४ची टाकली की ताण जवळपास पूर्वीइतकाच राहतो. कॅपो मात्र एक फ्रेट पुढे धरायचा: त्याचा सातवा तो तुमचा आठवा, सूर सी.

कॅपो फ्रेटला चिकटून लावा आणि गरजेपेक्षा घट्ट करू नका. घट्ट झाला की साधी, वेटोळं नसलेली तिसरी तार सर्वात आधी वर चढते, आणि इथे सगळा जीव तिच्यातच. कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा, आधी नव्हे.

पिक नको. अंगठा आणि तर्जनी एवढंच. तर्जनीने तार खालून धरून वर ओढायची आणि सोडून द्यायची, म्हणजे ती फ्रेटवर आपटते. ‘कट’ असा आवाज आला नाही तर तुम्ही तार नुसती छेडताय, ओढत नाही. अँपवर ट्रेबल भरपूर, बेस जवळपास बंद, रिव्हर्ब (घुमारा) थोडा. डिस्टॉर्शन पेडल (आवाज खरखरीत करणारं) लावलात की तो ‘कट’ पहिल्यांदा मरतो, कारण पेडल सुरुवातीचा झटका आणि मागची शेपटी एकाच उंचीवर आणून ठेवतं.