पहिल्या फेरीला भंडारदरा पुरे

बुधवार, रात्र

वर्षानुवर्षांचा अबोला असलेल्या बापलेकांनी पहिल्याच फटक्यात कोकण-गोवा गाठायला निघू नये. नाशिककरांनी भंडारदऱ्याला जावं. घोटीवरून साधारण ७० किलोमीटर, थांबत थांबत गेलं तरी अडीच तास, आणि संध्याकाळी ज्याचा तो आपापल्या घरी. मुक्काम नकोच. रात्री एका खोलीत दोन पलंग आणि मध्ये टीव्ही, हे इतक्या लवकर झेपत नाही.

समृद्धीवरून जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कुठेतरी वेळेत पोचायचं असेल तर तो ७०१ किलोमीटरचा रस्ता उत्तम. पण मनात आलं म्हणून तिथे कडेला गाडी घेता येत नाही, आणि १२० च्या वेगाला टायरच्या घरघरीवर आवाज चढवून बोलावं लागतं. चढवलेला आवाज म्हणजे भांडण, हे अशा दोघांच्या अंगात मुरलेलं असतं. घोटी-बारी-शेंडीचा रस्ता पन्नास-साठच्या वर जाऊच देत नाही, तेच बरं.

दिवस कामाचा निवडावा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि काजव्यांचे आठवडे तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. निरोप सुटसुटीत असावा: "अण्णा, बुधवारी सकाळी सातला भंडारदऱ्याला जायचंय, तुम्ही येता का? पाचपर्यंत घरी सोडतो." परतायची वेळ आधी कळली की हो म्हणणं सोपं जातं. "एकदा बसून बोलू या" म्हटलं की समोरचा झडतीच्या तयारीने येतो, किंवा येतच नाही. तिसऱ्या माणसाला, अगदी समेट घडवायला निघालेल्या आत्यालासुद्धा, गाडीत घेऊ नये. दोघंही तिच्याशीच बोलत राहतात.

कानांचा विचार कुणी करत नाही, म्हणून तो सविस्तर. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे शेजारच्या माणसाचा उजवा कान चालकाकडे येतो. वडिलांना त्याच कानाने कमी ऐकू येत असेल, तर निम्मं बोलणं इंजिनाच्या आवाजात बुडतं. ते दोनदा "काय?" म्हणतात, तिसऱ्यांदा नुसती मान हलवतात, आणि मुलाला वाटतं, यांना ऐकायचंच नाही. उपाय साधे: काचा बंद, एसीचा पंखा एकवर, गाणी बंद, आणि वाक्य संपल्यावर थोडं थांबायचं. वडील अजून चांगली गाडी चालवत असतील तर जाताना चाक त्यांच्याच हाती द्यावं. मग डावा कान मुलाकडे येतो आणि मानही राखला जातो. फक्त लायसन्सची तारीख आधी बघावी. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच असतं, आणि मुदत सरलेली बऱ्याच घरांत कुणाच्या ध्यानातही नसते.

दुसरी गोष्ट साखरेची. मधुमेहाची काही औषधं घेऊन नाश्ता लांबला की साखर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, आणि माणूस विनाकारण चिडतो. ती चिडचिड जुन्या रागाची समजून मुलगाही तावातावाने बोलतो आणि दिवस वाया जातो. गाडी थांबवून तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावं, मग काहीतरी खायला द्यावं. साखरेची पुडी आणि चमचा दाराच्या कप्प्यात हवा, डिकीत नको.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली असेल, तर पुढचे काही तास वारंवार जावं लागतं. मुलाला "थांबव" म्हणायला संकोचणारे वडील मग पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी डोकं धरून बसतात. गोळी स्वतःच्या मनाने टाळायची नाही, ते डॉक्टरांनाच विचारावं. चालवणाऱ्याने पाऊण तासाने, कुणी मागायच्या आत, पंपावर गाडी घ्यावी. तिथे हवा आणि पाणी फुकट मिळायलाच हवं, स्वच्छतागृहही असतं. "टायर बघतो" एवढं म्हटलं तरी पुरे.

टायर खरंच बघावेत. हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा असतो, म्हणून निघतानाच भरावी. स्टेपनीतही भरावी. हे काम वडिलांकडे द्यावं, कारण काम हातात असलेल्या माणसाला कुठे बघावं हा प्रश्न पडत नाही. शेजारी-शेजारी बसण्याचा फायदाही तोच. नजर रस्त्यावर राहते, आणि गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. बारीपाशी कळसूबाई दिसतं, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पुढे प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ साली पुरं झालेलं. पाणी, धरण, यंदाचा भात यांवर त्या पिढीचा माणूस आपणहून बोलू लागतो. तेव्हा त्याला अडवू नये, आकडे दुरुस्त करू नयेत.

जुना विषय त्या दिवशी काढायचा नाही. जमिनीची वाटणी, लग्नाला न येणं, आईच्या आजारपणात कोण कुठे होतं, यातलं काहीही चालत्या गाडीत नको. घाटात तर मुळीच नको, तिथे लक्ष उताराला लागणाऱ्या गिअरकडे हवं. वडिलांनीच सुरुवात केली, तर गाडी कडेला लावून, चावी काढून, शेवटपर्यंत ऐकावं. कॉर्नेल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांनी पुन्हा जुळलेल्या घरांतल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या अनेकांनी एक हट्ट सोडला होता: जे घडलं ते समोरच्याने आपण म्हणतो तसंच कबूल करावं, हा. मला हे फार खरं वाटतं. तो हट्ट धरून निघालेली गाडी घोटीच्याही पुढे जात नाही.

परतताना दारात उतरवावं, वर चहाला बोलावलं तरच जावं. पुढचा फोन आठवड्याच्या आत, आणि कामाचाच असावा: पेन्शनचा हयातीचा दाखला, गॅसचा नंबर, डोळ्यांची तपासणी. दुसऱ्या फेरीला वणीचा गड चांगला. नांदुरीपासून वर घाट आहे, आणि २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. फक्त नवरात्र आणि चैत्राची यात्रा टाळावी, तेव्हा खासगी गाड्या खालीच अडवतात.