मुक्कामी गाडीने आलेला डोळा

सांगलीतल्या माझ्या डोळ्यांच्या ओपीडीत पेशंट दुखणं रंगवून सांगतात, वेळ मात्र विचारावी लागते. वाळवा तालुक्यातल्या या मावशींनी आधी वेळच सांगितली. "मॅडम, रात्री दीड-दोनला, नायतर पहाटं. डोळा उघडला की सुई खुपसल्यागत. पाणी नुसतं धो धो. आन् सकाळी भाकरी थापस्तोवर सगळं गप." मग काही दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. झोपायचीच धास्ती बसलेली. पिशवीत अर्धशिशीच्या गोळ्या, सायनसचा एक्स-रे, मेंदूचा स्कॅन. शेळीचं दूधही घालून झालेलं. "समदे रिपोर्ट नॉर्मल हैत," मालक म्हणाले, "मनाचंच आसंल."

डोळा खरंच स्वच्छ होता. प्रेशर ठीक, लाली नाही. कधी काही लागलं होतं का, म्हटल्यावर आधी "न्हाय". मग आठवून, "गेल्या सीझनला जनावरांना उसाचं वाडं आणताना पातं फटकन लागलं हुतं. पर ते दोन दिसात बरं झालं."

ते वरवरच बरं झालेलं असतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची साल दोन-चार दिवसांत भरून येते, पण खालच्या थराला घट्ट धरायला तिला महिने लागतात. झोपेत अश्रू कमी होतात, सैल साल पापणीला चिकटते आणि डोळा उघडताच सोलून निघते. दिवस वर येईपर्यंत पुन्हा भरते, त्यामुळे अकराच्या ओपीडीत सापडणार काय? म्हणून सांगितलं, पुढच्या वेळी दुखलं की काही न घालता तडक या.

आल्या त्या गावच्या मुक्कामी एसटीने, पदराने डोळा दाबून. दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं. बधिर करणारा थेंब टाकला आणि अर्ध्या मिनिटात डोळा उघडला. "आई गं, गेलं की! हीच बाटली द्या मॅडम." नेमकी तीच बाटली आम्ही कुणाला घरी देत नाही. ती वारंवार घातली तर जखम भरत नाही, बुबुळावरचा पडदा विरघळूसुद्धा शकतो.

मग सोललेली जागा रंगवणाऱ्या फ्लोरेसिनची केशरी पट्टी लावून निळा प्रकाश टाकला. बुबुळाच्या खालच्या भागात हिरवागार डाग, कडेला पापणीसरशी हलणारी सैल साल. मालकांना बोलावून स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीतून, दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बसले. "हितं तर सोललंय की," एवढंच बोलले.

पांढरा ठिपका नाही, म्हणजे बुरशीची लागण नाही, हे आधी पाहून घेतलं. उसाच्या पात्याच्या जखमेत ती भीती मोठी, आणि अशा वेळी मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब घात करतात. सैल साल पुसून काढली, वर जखम झाकणारी मऊ बँडेज लेन्स बसवली, अँटिबायोटिक थेंब दिले. लेन्स काढल्यावर रोज झोपताना मलम, तेही दुखणं थांबल्यावर काही महिने. जाग आली की डोळा झटकन उघडायचा नाही. मिटल्या पापणीआड बुबुळ हळू फिरवायचं, मग उघडायचा. पंख्याचा वारा थेट तोंडावर नको.

वाडं आणायला जाताना झिरो नंबरचा चष्मा घाला म्हटलं, तर मावशी हसल्या. "चष्मा घालून उसात गेले तर गाव काय म्हणंल?"

"मीच जातो आता वाड्याला," मालक म्हणाले. चष्म्याचं त्यांनीही मनावर घेतलं नाही.