फिलोऱ्याची धूळ

रविवार, १४ सप्टेंबर

आज सकाळपासून मी सेंच्युरियन रणगाड्यांच्या चार छोट्या प्रतिकृतींवरचा रंगवलेला गंज काढतो आहे, आणि तो गंज मीच गेल्या आठवड्यात तीन रात्री जागून चढवला होता. पुढच्या महिन्यात आम्ही मित्र सहा फूट बाय चार फुटांच्या पटावर १९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धातली फिलोऱ्याची लढाई खेळणार आहोत आणि पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटची बाजू माझ्याकडे आहे. एकास शंभर प्रमाणातले हे रणगाडे जेमतेम तळहाताएवढे आहेत. त्यांच्या प्रत्येक कडेवर स्पंजाच्या तुकड्याने मी तपकिरी टिंबे उठवली होती, टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, बाजूंनी तांबूस ओघळ उतरवले होते आणि काम उत्तम झाले आहे, अशी माझी समजूत होती.

काल मामा आले. चिलखती दलात त्यांनी अनेक वर्षे विजयंता रणगाडा चालवला. त्यांनी एक रणगाडा हातात घेतला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गाडीला एवढा गंज कसा रे? संध्याकाळी गाडी पुसून, ग्रीस देऊन, ट्रॅकचा ताण बघितल्याशिवाय आम्ही जेवायला जात नव्हतो. दफादारसाहेब स्वतः हात फिरवून बघायचे."

रात्री मला त्याच वाक्याने झोप लागू दिली नाही. फिलोऱ्याची लढाई ११ सप्टेंबरला झाली आणि पूना हॉर्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १६ सप्टेंबरला बुतूर डोग्रांडीजवळ धारातीर्थी पडले. जखमी असूनही ते मागे गेले नव्हते. एवढ्या दिवसांत ज्या रणगाड्यांची निगा रोज माणसे राखत होती, त्यांच्यावर वर्षानुवर्षे पावसात पडून राहिलेल्या लोखंडाचा गंज दाखवणे म्हणजे त्या माणसांच्या कष्टांवर अन्याय करणे होय, असे मला मनापासून वाटते.

मग सकाळी मी साधा हिशेब मांडला. एकास शंभर प्रमाणात एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर दहा सेंटिमीटर रंग उडालेला. माझ्या स्पंजाने तर कडेकडेने वीतभर लांबीचे पोपडे काढले होते! शिवाय खेळणारा माणूस पटाकडे सुमारे तीन फुटांवरून पाहतो, म्हणजे खरा रणगाडा जणू नव्वद मीटरवरून पाहतो, आणि तेवढ्या अंतरावरून ओरखडे दिसतच नाहीत. दिसतो तो आकार, दिसतात त्याच्या सावल्या आणि सगळ्यांत जास्त दिसते ती धूळ. म्हणून मी मूळ हिरव्या रंगात थोडा फिका पिवळसर रंग मिसळून वरचे सपाट भाग उजळवले, सांध्यांत आणि झाकणांच्या कडांना गडद तपकिरी वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, सोडला आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे अगदी हलके उठवले.

गंज पूर्णपणे गेला, असे मात्र नाही. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागच्या बाजूला दोन्ही ट्रॅकगार्डांवर, म्हणजे ट्रॅकच्या पोलादी पट्ट्यांवरच्या पत्र्यांवर, बसवलेले असतात आणि मिटिऑर पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने तिथला रंग टिकणे कठीण. तिथे मी गंजाची छटा मुद्दाम राखली. ट्रॅकच्या जमिनीला घासणाऱ्या कडा पेन्सिलीच्या शिशाने चमकवल्या, कारण चालत्या गाडीचे पोलाद तिथे सतत घासले जाते. ड्रायव्हर आणि बाकीचे जवान जिथे पाय देऊन चढतात, तिथे बुटांनी झिजलेली पुसट वाट काढली. या चार-पाच जागांवर माझा अर्धा दिवस गेला.

धुळीचा रंगही चुकलाच होता. लहानपणापासून ओळखीची असलेली तांबूस माती मी नकळत चाकांवर थापली होती. सियालकोटकडचा प्रदेश मात्र नद्यांनी आणलेल्या गाळाचा. तिथली धूळ फिकट, किंचित करडी आणि पिवळसर. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी सेंच्युरियन जवळून पाहिला आहे, त्याची मापे आणि वळणे मनात पक्की आहेत. पण संग्रहालयातल्या स्वच्छ गाडीवर रणांगणाची माती कशी मिळणार? म्हणून तीन पिगमेंटे, म्हणजे रंगांच्या कोरड्या भुकट्या, मिसळून हवी ती छटा येईपर्यंत कागदावर घासत बसलो. आता ती चाकांवर आणि बाजूच्या पत्र्यांच्या खालच्या अंगावर दाट आहे, वर जाताना विरळ होते आणि टरेटवर जेमतेम जाणवते.

मामांना संध्याकाळी पुन्हा दाखवले. त्यांनी मागच्या सायलेन्सरवर बोट ठेवले आणि "हां, इथे बरोबर" एवढेच म्हणाले.

मॅट वॉर्निशचा हात बाकी आहे. पटावर प्रत्येक जण रणगाडा तोफेच्या नळीला धरूनच उचलतो, त्यामुळे तो दिल्यावाचून चालणार नाही. पण बाहेर भुरभुर चालू आहे आणि दमट हवेत फवारलेले वॉर्निश पांढुरके होऊन सगळी मेहनत झाकोळून टाकते. चारही गाड्या खोक्याखाली झाकून ठेवल्या आहेत. कडक ऊन पडेल त्या दिवशी दुपारी गच्चीवर नेईन.