तुम्ही विचारलंत म्हणून: कासला कधी जाऊ?

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन सुरू होतो. आधी चुलत जाऊबाई, मग सोसायटीतल्या दोघीतिघी, मग मुलीच्या ऑफिसातलं कुणीतरी, ज्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. प्रश्न एकच, साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराचा. "तुम्ही साताऱ्याच्या ना? मग कासला कधी जाऊ? फुलं आली का?" आणि त्याला जोडूनच, "गर्दी नसेल अशी वेळ सांगा हं."

माझं माहेर साताऱ्याचं, म्हणजे फुलांचं खातं माझ्याकडे, अशी समजूत असावी. मला पुण्यात येऊन तीस वर्षं झाली. कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरला आज ऊन आहे की धुकं, हे मला कोथरूडात बसून कसं कळणार? तरी दरवर्षी "रविवार तेवढा टाळा" म्हणून सुटका करून घेते. यंदा जरा सविस्तर सांगते.

आमच्या लहानपणी कासला फुलं बघायला कुणी जात नसे. कासला जायचं ते तलावावर. बाबांची स्कूटर, पुढे मी उभी, मागे आई आणि तिच्या मांडीवर डबा. साताऱ्यातल्या समर्थ मंदिरावरून वर निघालं की घाट, मग वारा, मग पाऊस, आणि शेवटी तलाव. काठावर पोचलो की बाबा दरवेळी तेच वाक्य बोलायचे, "आपण घरी पितो ते पाणी हे." एकदा मी त्यात पाय घातले तर असे ओरडले होते की अजून आठवतं. फुलं वाटेत असायची, जशी कुठल्याही वाटेवर गवतं असतात. तेरडा तर आमच्या परसातच होता. गौरी यायच्या दिवशी मुळासकट उपटून आणायचा, विसर्जन झालं की संपला. "तेरड्याचा रंग तीन दिवस" म्हणतात त्यातला. त्याच्या जातभाईला बघायला लोक मुंबईहून गाडी करून येतील, असं आईला कुणी सांगितलं असतं तर तिने त्या माणसाला आधी बसवून पाणी दिलं असतं.

आता थोडं त्या सड्याविषयी. गावातली जुनी माणसं पठार म्हणत नाहीत, सडा म्हणतात. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवर हा जांभ्याचा कातळ पसरलाय. त्याच्यावर माती म्हणाल तर कुठे चार बोटं, कुठे तीही नाही. मोठं झाड तिथे मूळ धरू शकत नाही. धो धो पावसात मातीतलं सत्त्व वाहून जातं. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाने ही अगदी भिकार जमीन. आणि नेमकं म्हणूनच इथे फुलं आहेत. दांडगी झाडंझुडपं येऊ शकत नाहीत, त्यामुळे बोटभर उंचीच्या नाजूक वनस्पतींना सगळं आकाश मोकळं. सीतेची आसवं हे नाव ऐकलंच असेल, ती निळी-जांभळी इवली फुलं. ती वनस्पती पाण्याखालच्या बारक्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते. दवबिंदू नावाची दुसरी एक आहे, ती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरते. मातीत खायला काही नाही, मग करणार काय?

अशा साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती इथे नोंदल्या गेल्यात. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास होतं. त्याच सुमाराला सगळ्यांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले. ह्या दोन गोष्टी एकदम झाल्या हे कासचं नशीब. कसलं नशीब ते मी बोलत नाही.

माझ्याकडे 2006 सालचा एक फोटो आहे. ऑफिसची सहल मीच काढली होती, कारण साताऱ्याची मी. "चला, तुम्हाला असं काही दाखवते!" दोन गाड्या, अकरा माणसं. तेव्हा तिथे ना पावती, ना शिट्टीवाला, ना दोरी. आम्ही चपला काढून, होय, अगदी भक्तिभावाने चपला काढून, निळ्या फुलांच्या मधोमध जाऊन बसलो. कुणीतरी आडवंही झालं. फोटो सुरेख आलाय. वर्षानुवर्षं तो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला होता, आणि आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचे, "हे कास." आता तो बघते तेव्हा माझी नजर फुलांवर जात नाही. अकरा माणसांच्या बुडाखाली काय असेल तिकडे जाते.

कारण ह्यातली बरीचशी झाडं वर्षभरापुरती असतात. पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं, संपायचं. बी धरण्याआधी ती चिरडली तर पुढल्या वर्षीचा हिशेब तिथेच तुटतो. आणि ही चार बोटं माती एकदा पायांनी घट्ट दाबली गेली की पाणी कुठे साचायचं, कुठून झिरपायचं ते बदलतं. घरामागच्या बागेतला वाफा कुदळ मारून भुसभुशीत करता येतो, कातळावरचा नाही करता येत. पायवाट एकदा पडली की पडली, मागून येणारा तिच्यावरूनच चालतो, आणि पुढे जाऊन आपली एक नवी फोडतो.

पाचसहा वर्षांनी सासरची मंडळी घेऊन गेले तो रविवार मात्र मी जन्मात विसरणार नाही. समर्थ मंदिरापासूनच गाड्यांची रांग. घाटात तीन तास. पुढच्या गाडीतून वेफर्सचं रिकामं पाकीट बाहेर आलं, मी उतरून ते उचलून त्यांच्याच खिडकीतून आत दिलं, आणि आमच्या ह्यांनी "कशाला उगाच" म्हणून मला मागे ओढलं. वर पोचलो तर दाट धुकं. समोरच्या दहा फुटांपलीकडे काही दिसेना. पावती फाडून आत गेलेला एक गृहस्थ पठाराची देखरेख करणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीतल्या पोराशी हुज्जत घालत होता, "पैसे मोजून एवढीच फुलं?" पोरगं बिचारं विशीचं. म्हणालं, "साहेब, उद्या ऊन पडलं तर दिसतील." साहेबांना उद्या ऑफिस होतं.

त्यांचा राग मला कळतो. त्यांनी फोनवर गालिचा बघितलेला असतो. कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो काढला की दोन खोल्यांएवढा तुकडासुद्धा क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात फुलं पट्ट्यापट्ट्यांनी येतात, आणि दर आठवड्याला वेगळी. आधी गेंदाचे पांढरे गोळे आणि आमऱ्या, मग निळा-गुलाबी भर, मग शेवटी सोनकीचा आणि मिकी माउसचा पिवळा. मिकी माउसला गावात कावळा म्हणतात, पण कावळा बघायला कोण येणार? टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. हे सगळं एकाच रविवारी, साडेअकरा ते दीडमध्ये, उभं राहिल्या जागी दिसायला हवं असतं.

त्या दिवशी रस्त्याकडेला एका बाईंकडे पिठलं-भाकरी खाल्ली. त्यांना म्हटलं, मावशी, तुम्हाला ह्या गर्दीचा त्रास होत असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "तरास व्हतोय की. रैवारी आम्ही साताऱ्याला जायाचंच सोडलंय. यश्टी घाटात अडकती. पर ताई, ह्यो दीड महिना हाय म्हून पोरगं हितं हाय. न्हाईतर त्येबी म्हमईला माथाडीत गेलं असतं बापावानी." भाकरी थापता थापता बोलल्या, वर बघितलंही नाही.

हे आम्ही सातारकर सोयीने विसरतो. ह्या भागातली कर्ती माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली, ओझी उचलायला. खालच्या बाजूला बामणोलीकडे तर कोयनेच्या पाण्यात गावंच्या गावं गेली. आता भोवतालच्या गावांची मिळून समिती आहे, पावत्या, पार्किंग, फुलांची माहिती, कचरा गोळा करणं, सगळं तीच पोरं बघतात. व्हेनिसने 2024 मध्ये दिवसापुरत्या येणाऱ्यांवर 5 युरोची प्रवेश फी लावली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. कासला त्याच्या कितीतरी आधीपासून पावती फाटतेय, दिवसाला 3000 माणसांची मर्यादाही ठरलेली आहे. माझ्या मते ही मर्यादा अजून खाली आणली तरी चालेल, पण मग त्या मावशींच्या पोराचं काय, हे मला कुणी विचारलं तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पुण्यात बसून "पर्यटन बंद करा" म्हणणं फार सोपं असतं, विशेषतः आपला फोटो आधीच काढून झालेला असताना.

आणि उपायाचीही एक गंमत ऐका. माणसं फुलांत घुसायला लागली म्हणून पठाराला तारेचं कुंपण घातलं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण कुंपणाने माणसं अडली तशी गुरंही अडली. शतकानुशतकं त्या सड्यावर गावची गुरं चरत होती. ती आत येईनाशी झाली, गवत माजलं, आणि बोटभर उंचीच्या फुलांना त्या गवताने झाकून टाकलं. निदान गावकऱ्यांचं आणि काही अभ्यासकांचं म्हणणं असं होतं. बाकीच्यांनी ऊन, पाऊस अशी दुसरी कारणंही सांगितली. वाद बरीच वर्षं चालला आणि शेवटी ते कुंपण काढलं. म्हणजे बघा, माझ्यासारख्या अकरा जणांनी बसून फोटो काढायचा, त्यापायी कुणाच्या तरी गायीने बाहेर राहायचं, आणि गाय बाहेर राहिली म्हणून फुलाने गवताखाली गुदमरायचं. मला हे कुणी 2006 मध्ये सांगितलं असतं तर मी हसले असते.

तलावाकडे आता मी जातच नाही. काठावर पत्रावळ्या आणि बाटल्या बघितल्या की बाबांचं वाक्य आठवतं. अजूनही साताऱ्यातली कितीतरी घरं तेच पाणी पितात. पुण्याहून गेलेल्याला तो सुंदर तलाव दिसतो, माझ्या भावाला त्याच्या स्वयंपाकघरातला नळ दिसतो. पण तिथे आठवड्याच्या मधल्या वारी, अंधार पडल्यावर पार्टी करायला येतात ते पुण्याचे नसतात हो. ते खुद्द साताऱ्याचे. बाहेरच्यांच्या नावाने खडे फोडताना आम्ही हे धरत नाही.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा, पण पाऊस लांबला तर फुलंही लांबतात. ऑनलाइन पावती आधी काढा. मंगळवार किंवा बुधवार, आणि सकाळी जितक्या लवकर पोचाल तितकं बरं. गालिचा शोधू नका, एका जागी खाली वाकून पाच मिनिटं बघा, नुसत्या डोळ्यांनी. वाटेच्या बाहेर पाय टाकू नका, चपला काढूनही नाही. भाकरी तिथल्याच बायकांकडे खा, डबा नेऊ नका. नेलात तर त्यातला कागदसुद्धा परत आणा.

एवढं सगळं मी परवा जाऊबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, मनापासून ऐकलं. मग म्हणाल्या, "अगं, बरोबर आहे तुझं सगळं. पण मुलांची शाळा, ह्यांचं ऑफिस. मंगळवारी कुणाला सुट्टी असते गं?"

ह्यावर मी काय बोलणार? मीही गेले होते ते रविवारीच.

"मग पहाटे चारला निघा," मी म्हटलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "नाश्ता करून निघतो."