डोलोमाइटच्या वड्या: पाणी झटकतायत, आता टिकाऊपणाचं बघू

मंडळी, मागच्या वेळी पाण्यावर तरंगणाऱ्या पावडरपाशी थांबलो होतो, आता त्या पावडरचा पाणी झटकणारा घट्ट तुकडा पाडलाय आणि तो बऱ्यापैकी जमलाय, म्हणून हा अपडेट.

नवीन लोकांसाठी पटकन सांगतो. आमच्या बडोद्याला छोटा उदेपूरकडचा डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा दगड) ढिगाने मिळतो, रंगवाले, फरशीवाले सगळे तोच वापरतात. मी ३०० मेशचा घेतो, म्हणजे कण साधारण ५० मायक्रॉनच्या आतले. १०० ग्रॅम पावडरला दीड ग्रॅम स्टिअरिक ॲसिड (मेणबत्तीचं सामान मिळतं तिथे मागा), ते आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचं. गॅसवर थेट अजिबात नाही, आयपीएची वाफ भप्पकन पेटते. मग पावडर घालून घोटायचं, अगाशीत पसरून वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं आणि शेवटी जुन्या ओव्हनमध्ये ९०-१०० अंशावर तासभर. स्टिअरिक ६९ अंशाला वितळतं त्यामुळे तिथे ते कणावर नीट पसरतं, ॲसिडचं टोक कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरतं आणि १८ कार्बनची शेपटी बाहेर राहते. जास्त घालून उपयोग नाही, वरचं सगळं नुसतं मेण म्हणून पडून राहतं.

टेस्ट एकदम सोपी, ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळा आणि बुडाशी किती बसतं बघा. डोलोमाइटची घनता २.८५ च्या आसपास, म्हणजे खरं तर सगळा तळाशी जायला हवा, पण चांगलं कोटिंग असेल तर वर तवंग धरून बसतो. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, अख्खा तवंग झरझर खाली. शेजारच्या काकूंनी हे पाहिलं आणि लगेच गणपतीत पाण्यावरच्या रांगोळीसाठी अर्धा किलो हवी म्हणाल्या, रंग घालून देणार आहे.

आता बाइंडर. पावडर कितीही पाणी झटको, बोट लावलं की निघते, म्हणून सिलिकॉन सीलंट एमटीओमध्ये (मिनरल टर्पेंटाइन) पातळ करून त्यात मिसळतोय. इथे एक गोष्ट नीट बघून घ्या. दुकानदार बहुतेक वेळा व्हिनेगरच्या वासाचं सीलंट हातात देतो, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि आपली पावडर पडली कार्बोनेट! ॲसिड कणाच्या अंगालाच लागतं, कण आणि सिलिकॉनमधली पकड ढिली होते. संगमरवरावर हे सीलंट लावू नका असं ट्यूबवर लिहिलेलं असतं ते याच कारणाने. न्यूट्रल क्युअर (ॲसेटिक ॲसिड न सोडणारं) मागा, थोडं महाग पडतं पण पर्याय नाही. त्याचाही वास चांगला नसतो, त्यामुळे काम उघड्यावरच.

प्रमाणाचा खेळ मात्र खरा मजेदार आहे. सिलिकॉन जास्त झालं की कण त्यात बुडून जातात आणि वर नुसतं गुळगुळीत सिलिकॉन उरतं, त्यावर काँटॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, जितका मोठा तितका थेंब गोल) १०५-११० अंशांच्या पुढे जात नाही. केमिस्ट्री कितीही भारी करा, सपाट पृष्ठभागावर साधारण १२० अंशाला गाडी अडते, १५० हवे असतील तर खडबडीतपणा लागतोच, आणि त्या खाचांमध्ये हवा अडकून राहायला लागते. कॅसी आणि बॅक्स्टर या संशोधकांनी १९४४ मध्ये हेच मांडलं. पाणी खाचांत शिरलं तर वेन्झेलची (१९३६) अवस्था, तिथे थेंब गोल दिसतो पण चिकटून बसतो, तुकडा उलटा केला तरी पडत नाही. माझ्याकडे पावडर आणि सिलिकॉन वजनाने एकास एक, दोनास एक असं करताना सगळे थेंब चिकटतच होते, तीनास एकला घसरायला लागले. हिशोब केला तर तीनास एक म्हणजे आकारमानाने जवळपास निम्मं निम्मं, रंगवाले ज्याला क्रिटिकल पिगमेंट व्हॉल्यूम म्हणतात त्याच भागात आपण येतो, बाइंडर कमी पडतं आणि हवेला जागा मिळते. चारास एक अजून छान घसरतं पण कोपरे भुगा होऊन पडतात. सध्या साडेतीनावर आहे.

आणि मुख्य मुद्दा हा की मी आता कोटिंग करायचं सोडलंय. कौलावर नाहीतर कोटा फरशीच्या तुकड्यावर ब्रशने लावलेला थर पहिल्या दिवशी झकास, पण पॉलिश पेपर फिरवला की संपला. त्यापेक्षा श्रीखंडाइतकं घट्ट मिश्रण करून साच्यात वडी पाडायची, आठवडाभर सुकू द्यायची (मधलं ओलसर राहतं, घाई नको) आणि मग वरचा चकचकीत पापुद्रा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढून टाकायचा. पापुद्र्यावर थेंब नुसता बसून राहतो, घासल्यावर त्याच जागी टुणकन उडतो! कारण वडी आतून बाहेरून एकसारखी, जितकं घासाल तितके नवे कण उघडे पडतात. माझ्या मते घरगुती कामाला हाच रस्ता योग्य आहे, लेप-बिप शोभेचे.

मापायला यू-१०० ची इन्सुलिन सिरिंज घ्या, एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. गंमत अशी की चांगल्या वडीवर थेंब सुईतून सुटतच नाही, वडीला टेकवला तरी सुईसोबत परत वर येतो, म्हणून किंचित उंचीवरून सोडावा लागतो. मोबाइल वडीच्या पातळीत ठेवून फोटो काढायचा, इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोन मोजायचा, आणि उतार फोनच्याच लेव्हल ॲपने. तुलनेला अळवाचं पान ठेवतो. त्यावरून थेंब जरा हललं की पळतो, माझ्या वडीला अजून १५ अंशांचा उतार लागतो, म्हणजे सुपरहायड्रोफोबिक (पाणी अजिबात टिकू न देणारं) म्हणायला (उतार १० च्या आत) थोडं बाकी आहे.

वडी पाण्यात बुडवून तिरकं बघा, आरशासारखी चांदी चमकते, तो हवेचा थर. रात्रभर ठेवली की चांदीला डाग पडतात, हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि पाणी आत शिरतं. त्यामुळे टाकीत कायम बुडवून ठेवायला हे चालणार नाही, पावसाचं पाणी ओघळून जायला चालेल. तेलाला तर अजिबात दाद देत नाही, शेंगदाणा तेल सरळ शोषून घेते. तेलही झटकायचं तर फ्लोरिनवाली रसायनं लागतात, त्या वाटेला मी जाणार नाही, त्यातलंच पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या घातक रसायनांच्या यादीत गेलंय ते उगाच नाही.

पुढे खडबडीतपणाचे दोन मजले करायचेत, डोलोमाइटच्या मोठ्या कणांत थोडा हायड्रोफोबिक (पाणी झटकणारा) फ्यूम्ड सिलिका, म्हणजे सिलिकाची अतिबारीक पावडर, एरोसिल आर ९७२ सारखी. कोणीतरी विचारलं होतं की त्याऐवजी स्वस्तातली क्वार्ट्झ पावडर का नाही. नको. खंभात इथून फार लांब नाही, तिथल्या अकीक (क्वार्ट्झचाच प्रकार) घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस (फुफ्फुसाचा आजार) कशाने झाला ते इथे सगळ्यांना माहितीय. फ्यूम्ड सिलिका स्फटिकी नसतो, पण तोही हवेत ढगासारखा उडतो, तेव्हा एन-९५ लावूनच आणि घासायचं काम ओलं करून. अर्थात आपली वडी ओली होत नाही, म्हणून पेपरच ओला करायचा आणि पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा, नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवायचं, साबण राहिला तर मापं सगळी चुकतात.

एरोसिल अर्धा-एक किलो सुटा देणारा इथे बडोद्यात मकरपुऱ्याच्या बाजूला कोणाला माहीत असेल तर सांगा, मला सगळे १० किलोची बॅग घ्या म्हणतायत.