आबांची जीभ आणि माझी नळी

आमच्या माहेरचं तळं घणसोलीच्या खाडीकाठी आहे. भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं, एवढाच कारभार. आबा त्यात जिताडा मासा वाढवतात आणि पाणी किती खारं झालंय हे बोट बुडवून, जिभेला लावून सांगतात. ठाण्याच्या खाडीत काय काय येऊन पडतं हे माहीत असल्यामुळे मला ते बघवत नाही. म्हणून मी रिफ्रॅक्टोमीटर घेतला. दुर्बिणीसारखी छोटी नळी असते. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, खारेपणाचा आकडा दिसतो. समुद्राचं पाणी साधारण 35 पीपीटी, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार.

मे महिन्यात आमच्या तळ्याचा आकडा 38 वर गेला. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. माशांचं खाणं कमी झालं. आबा म्हणाले, "कडू लागतंय." तेव्हा नळीचं आणि जिभेचं एकमत होतं.

मग जूनचा पहिला मोठा पाऊस झाला, रात्रभर. पहाटे जिताडे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते. काही उलटे झाले होते. मी काठावरून पाणी घेतलं, आकडा 6. मला काही कळेना. जिताडा तर गोड्या पाण्यातही जगतो, अंडी घालायला तेवढा खाऱ्याकडे जातो. मग गोडं पाणी त्याला का बाधावं?

आबांनी माझ्या नळीकडे बघितलंही नाही. "वरचं पानी सोड," एवढंच म्हणाले आणि ओहोटी लागताच उघाडीच्या वरच्या दोन फळ्या काढल्या. मी खालून पाणी काढायला निघाले होते.

नंतर तळाचं पाणी काढून मोजलं, तर 27! पावसाचं पाणी हलकं, ते वर साय धरावी तसं पसरलं होतं. खाली जड खारं पाणी. दोन्ही सहज मिसळत नाहीत, त्यामुळे वरचा प्राणवायू खाली पोचत नाही आणि खाली होता तेवढा प्राणवायूही तळाच्या गाळात संपून जातो. मासा खाली राहिला तर गुदमरतो, वर आला तर 27 मधून एकदम 6 मध्ये.

आणि हा बदल त्याला फुकट पडत नाही. माशाच्या रक्तात साधारण 10 पीपीटी इतके क्षार असतात. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सतत पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्यात उलटं: पाणी आत घुसतं, ते लघवीवाटे काढावं लागतं आणि मीठ धरून ठेवावं लागतं. कल्ल्यांना एका कामावरून दुसऱ्या कामावर यायला काही दिवस लागतात. तोवर खाल्लेलं बरंचसं याच खटाटोपात जातं, अंगी लागत नाही. म्हणूनच उबवणी केंद्रातून आलेल्या बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, पिशवी फोडून थेट तळ्यात सोडायच्या नसतात. टबमध्ये तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळत तासनतास बसायचं. (पहिल्या वर्षी मी पिशवी नुसती तरंगवून, तापमान जुळलं म्हणून खूश झाले होते. त्याचा हिशेब आई अजून काढते.)

आता मी दोरीला दगड आणि बूच लावलेली बाटली बांधून ठेवली आहे. तळाशी गेली की बूच ओढायचं. वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळा वहीत लिहिते. एकच आकडा लिहिलेली जुनी पानं बघून माझंच मला हसू येतं.

चुलतभाऊ मात्र यंदा हट्टाला पेटलाय. पावसाळ्यात पाणी गोडंच असतं, तर रोहू टाकू म्हणतो. रोहू गोड्या पाण्याचा. चार-पाच पीपीटीच्या पुढे त्याची वाढ खुंटायला लागते, आणि आमच्याकडे दिवाळीनंतर पाणी वीसच्या वर असतं. वही दाखवली तरी पटेना. आबांनी त्याला जानेवारीत पाणी चाखायला बोलावलंय.